छोट्या प्रसूतिगृहात कळांसाठी एपिड्युरल: आधी माणसे, मग सुई

चाकणच्या पुढे २० खाटांचे प्रसूतिगृह चालवणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा प्रश्न माझ्यापर्यंत आला आहे. त्यांच्याकडे महिन्याला ४० ते ४५ बाळंतपणे होतात, सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ फोन केल्यावर पुण्याहून किंवा भोसरीहून येतात, आणि अलीकडे नोंदणीला येणाऱ्या बऱ्याच मुली स्वतःहून ‘पेनलेस डिलिव्हरी’ची चौकशी करतात. अशा ठिकाणी कळांच्या वेदनांसाठी एपिड्युरलची, म्हणजे कमरेतून मणक्यातल्या मज्जातंतूंजवळ बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिर करणारे औषध देण्याची, सोय सुरू करता येईल का, त्यासाठी काय काय जमवावे लागेल, आणि त्यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढेल का, असे त्यांनी विचारले आहे. मी पुण्यात २६ वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षे मोठ्या रुग्णालयात गेली आणि नंतरची बहुतेक सारी शहरातल्या व उपनगरांतल्या अशाच छोट्या प्रसूतिगृहांत.

डॉक्टर, ही सोय आपल्याला सुरू करता येईल. आपण यादी मागितली आहे ती सामानाची. ती पुढे देतेच, पण मला आधी वेळेबद्दल बोलू द्या. कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, बसवून पहिला डोस लागू होईपर्यंतचे काम अर्ध्या तासाचे असते. पहिलटकरणीचे बाळंतपण त्यानंतर सहा, आठ, कधी दहा तास चालते. मोठ्या रुग्णालयात या तासांसाठी निवासी डॉक्टर असतात, प्रसूतिकक्षाचा स्वतंत्र भूलतज्ज्ञ असतो. आपल्याकडे येणारा भूलतज्ज्ञ मात्र गाडीत बॅग ठेवून सकाळी एका ठिकाणी हर्निया, दुपारी दुसऱ्या ठिकाणी मोतीबिंदू आणि संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणी सिझेरियन असा फिरत असतो, आणि त्याला मोबदला मिळतो तो केसमागे. या व्यवस्थेत तो कॅथेटर उत्तम बसवेल, परंतु थांबणार नाही.

हे मी माझ्या चुकीवरून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी शहराच्या मध्यवस्तीतल्या एका प्रसूतिगृहात मी एका पहिलटकरणीला एपिड्युरल दिले. कॅथेटर योग्य जागी आहे ना हे पाहण्याचा चाचणी-डोस व्यवस्थित झाला, पहिल्या डोसने तिला पूर्ण आराम पडला, आणि ती झोपी गेलेली पाहून मी नदीपलीकडच्या एका रुग्णालयात ठरलेल्या शस्त्रक्रियेला गेले. दोन तासांनी सिस्टरांचा फोन आला की कळा पुन्हा जाणवू लागल्या आहेत. भरून, चिठ्ठी लावून ठेवलेल्या सिरिंजमधले ८ मिलिलिटर द्या, असे मी फोनवरच सांगितले. त्यांनी ते बरोबर दिले. पण त्याच वेळी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या बाईचे बाळ बाहेर येत होते आणि कक्षात त्या एकट्याच सिस्टर होत्या. पुढची २० मिनिटे माझ्या रुग्णाचा रक्तदाब कोणी मोजला नाही. ती पाठीवर उताणी पडून होती, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर होता, वरचा रक्तदाब ७० वर आला होता आणि बाळाचे ठोके ८० पर्यंत उतरले होते. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांनी धावत येऊन तिला डाव्या कुशीवर वळवले, सलाईन जोरात सोडले, ऑक्सिजन लावला. मी पोहोचेपर्यंत ठोके परत १३० झाले होते आणि बाळ पुढे सुखरूप जन्मले. औषध योग्य होते, मात्रा योग्य होती, कॅथेटरही जागेवर होता. त्या खोलीत त्या २० मिनिटांसाठी एक माणूस कमी होता, आणि तो माणूस मी होते. त्या दिवसानंतर मी फोनवरून टॉप-अप, म्हणजे कॅथेटरमधून द्यायचा पुढचा डोस, कधीही सांगितलेला नाही.

त्यामुळे माझी पहिली अट अशी, की एपिड्युरल चालू असेपर्यंत भूलतज्ज्ञ आपल्या इमारतीत असला पाहिजे. हे एका माणसाला महिनाभर शक्य नाही. चाकण, राजगुरुनगर, आळंदी या पट्ट्यात आपल्यासारखी आणखी दोन-तीन प्रसूतिगृहे असतील, तर चार-पाच भूलतज्ज्ञांचा एक गट मिळून पाळ्या लावू शकतो, आणि ज्याची पाळी असेल त्याने त्या काळात दुसरीकडची ठरलेली कामे घ्यायची नाहीत. त्याला मोबदला टोचण्याचा नव्हे, तर थांबण्याचा, म्हणजे तासांच्या हिशोबाने द्यावा लागेल, आणि तो आकडा रुग्णाच्या घरच्यांना नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगावा लागेल. औषधांचा खर्च तुलनेने थोडा असतो. महाग असतो तो वेळ. हे न लपवता सांगितले तर लोक समजून घेतात, असा माझा अनुभव आहे. चोवीस तासांची पाळी जमत नसेल तर सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच सोय आहे असे फलकावर लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. मात्र भूलतज्ज्ञाच्या सोयीसाठी कळा आणण्याची औषधे दिवसा सुरू करणे, हा मार्ग कृपया पत्करू नये. कळा सुरू करण्याचे कारण आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीत असले पाहिजे.

दुसरी अट सिस्टरांची. एपिड्युरल घेतलेल्या बाईजवळ एक सिस्टर पूर्णवेळ हवी, आणि तिच्याकडे त्या तासांत दुसरे बाळंतपण देऊ नये. प्रत्येक डोसनंतर पहिली २० मिनिटे दर ५ मिनिटांनी रक्तदाब, त्यानंतर दर अर्ध्या तासाने रक्तदाब, नाडी आणि बधिरपणाची पातळी, बाळाचे ठोके ठरलेल्या अंतराने, पाय उचलता येतात का याची नोंद, आणि दर दोन-तीन तासांनी लघवी झाली का याची चौकशी, हे तिचे काम आहे. बधिरपणाची पातळी पाहायला बर्फाचा तुकडा पुरतो: बेंबीच्या आसपासपर्यंत गारवा जाणवत नसेल तर ठीक, स्तनांच्या वर गारवा जाणवेनासा झाला किंवा हाताची बोटे जड वाटू लागली तर औषध ताबडतोब थांबवून डॉक्टरांना हाक मारायची. हे शिकवायला महिनाभराचा सराव पुरतो, आणि शिकलेली सिस्टर या सोयीचा खरा कणा होते. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांकडे, त्यांची पदवी कोणतीही असो, टॉप-अप देण्याचे काम सोपवू नये.

आता सामान. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन एकत्र दाखवणारा मल्टिपॅरा मॉनिटर, खात्रीचा ऑक्सिजन, चालू असलेले सक्शन, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग, लॅरिंगोस्कोप, श्वासनलिकेत घालायच्या वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, लॅरिंजियल मास्क, डोके खाली करता येणारा पलंग, आणि अॅट्रोपिन, अॅड्रिनलिन, मेफेन्टरमिन किंवा फेनिलएफ्रिन ही नाडी व रक्तदाब सावरणारी औषधे. यातले बहुतेक आपल्या शस्त्रक्रियागृहात असेलच. पण ते प्रसूतिकक्षातही हवे. रात्री दोन वाजता ऑक्सिजनचे सिलिंडर मजला ओलांडून आणायला वेळ नसतो. जी वस्तू मी छोट्या ठिकाणी हमखास नसलेली पाहते, ती म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शन, शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रावण. बुपिव्हाकेन हे एपिड्युरलमधले बधिर करणारे औषध चुकून शिरेत गेले आणि झटके आले किंवा हृदयाची लय बिघडली, तर ते दर किलोला दीड मिलिलिटर या हिशोबाने, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ९० मिलिलिटर, एकदम द्यावे लागते आणि पुढे मिनिटाला १५ मिलिलिटरप्रमाणे चालू ठेवावे लागते. ते पुण्यातल्या औषध दुकानातून मागवू, असे म्हणणाऱ्या ठिकाणी मी एपिड्युरल देत नाही. त्याच बरोबर हेही सर्वांना पाठ हवे, की गरोदर बाईचे हृदय थांबले तर छाती दाबताना कोणीतरी गर्भाशय हाताने डावीकडे सरकवून धरायचे, आणि चार मिनिटांत हृदय सुरू झाले नाही तर आहे त्याच जागी पोट उघडून बाळ बाहेर काढायचे. आपल्या प्रसूतिगृहात असा प्रसंग कदाचित कधीच येणार नाही. तरीही वर्षातून दोनदा त्याची रंगीत तालीम घ्यावी.

औषधाच्या ताकदीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. एके काळी कळांसाठी बुपिव्हाकेनचे पाव टक्का किंवा त्याहून तीव्र द्रावण वापरले जाई. वेदना जात, पण त्याबरोबर पायांतली शक्ती जाई, ओटीपोटाचे स्नायू सैल पडत, बाळाचे डोके नीट फिरत नसे, बाईला जोर देता येत नसे, आणि बाळाला ओढून काढण्यासाठी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ अधिक येई. एपिड्युरलची जी बदनामी आजही आपल्या बाह्यरुग्ण विभागात ऐकू येते, तिचा उगम त्या काळातला आहे. नंतर ०.०६२५ ते ०.१ टक्क्याची पातळ द्रावणे आणि त्यांत थोडे फेंटानिल हे अफूच्या वर्गातले वेदनाशामक, ही पद्धत रुळली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत या कमी मात्रेच्या पद्धतींनी नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा वाढलेले दिसले. २००५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवले, की गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडण्याआधी मणक्यातून वेदनाशमन सुरू केले म्हणून सिझेरियन वाढत नाहीत. आणि २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, ज्यात ११ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती, एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही असाच निष्कर्ष निघाला. व्हॅक्यूम-चिमट्याचे वाढलेले प्रमाणही केवळ २००५ च्या आधीच्या चाचण्यांपुरते असल्याचे दिसले. प्रसूतीचा दुसरा टप्पा, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ जन्मेपर्यंतचा काळ, मात्र काहीसा लांबतो, काही बायकांना ताप येतो, लघवी अडते, रक्तदाब उतरतो. हे घरच्यांपासून लपवू नये.

म्हणून, सिझेरियन वाढतील का, याचे माझे उत्तर असे की एपिड्युरलमुळे ती वाढू नयेत. परंतु दुसऱ्या टप्प्याला एक तास जास्त देण्याची तयारी नसेल तर ती वाढतील. बाळाचे ठोके चांगले आहेत, डोके हळूहळू का होईना खाली येते आहे, आई शांत आहे, तर घड्याळाकडे पाहून शस्त्रक्रिया ठरवण्याचे कारण नाही. हा संयम स्त्रीरोगतज्ज्ञाचा असतो, भूलतज्ज्ञाच्या हातात तो नसतो, आणि म्हणून मी कोणत्याही नव्या ठिकाणी काम सुरू करण्यापूर्वी तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांशी याच मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ बोलते.

द्रावण हाताने तयार करावे लागते तेथे चूक होण्याची शक्यता असते. माझी पद्धत सोपी आहे: अर्धा टक्का साधे बुपिव्हाकेन १० मिलिलिटर, फेंटानिल २ मिलिलिटर म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, आणि सलाईन ३८ मिलिलिटर, एकूण ५० मिलिलिटरचे ०.१ टक्क्याचे द्रावण होते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अँप्यूल डोळ्यांनी पाहायचे, मगच फोडायचे. अॅड्रिनलिन मिसळलेल्या दीड टक्का लिग्नोकेनच्या ३ मिलिलिटरच्या चाचणी-डोसनंतर हे द्रावण पाच-पाच मिलिलिटर करून दहा ते बारा मिलिलिटर द्यायचे, आणि प्रत्येक वेळी देण्यापूर्वी सिरिंज मागे ओढून रक्त किंवा पाणी येत नाही ना, हे पाहायचे. पंप वापरणार असाल तर कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचा पंप पलंगाच्या एका बाजूला आणि एपिड्युरलचा दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि एपिड्युरलच्या नळीला पिवळी चिकटपट्टी लावा. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. जास्त रक्तस्राव थांबवण्यासाठी आपण सारे ट्रानेक्सॅमिक अॅसिड वापरतो, आणि ते वापरायलाच हवे. पण त्याची अँप्यूल दिसायला मणक्यात देण्याच्या जड बुपिव्हाकेनच्या अँप्यूलसारखी असल्याने ते चुकून मणक्यात दिले गेल्याच्या आणि त्यात बायका दगावल्याच्या घटना भारतासह अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. ही दोन औषधे एका ट्रेमध्ये, एका कप्प्यात, शक्य असल्यास एका कपाटातही ठेवू नयेत.

फेंटानिलसाठी आपल्याला कागदपत्रांचे काम करावे लागेल. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यानंतर मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि ती बाळगण्यासाठी रुग्णालयाला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून नोंद करून घेता येऊ लागली. अर्ज करावा लागतो, जबाबदार डॉक्टर नेमावा लागतो, कुलूपबंद कपाट आणि रोजची नोंदवही ठेवावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाचे करून टाकावे. ते होईपर्यंत फेंटानिलशिवाय ०.१२५ टक्के बुपिव्हाकेनवर काम चालते. पाय थोडे अधिक जड होतात, म्हणून तशा बाईला पलंगावरून उठवू नये.

एपिड्युरल कोणाला देऊ नये, हे आपल्याला ठाऊकच आहे: जिला ते नको आहे तिला, रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली आहे तिला, टोचण्याच्या जागी संसर्ग असेल तिला, आणि जिचा रक्तस्राव चालू आहे व रक्तदाब पडला आहे तिला. रक्त गोठू न देणारे हिपॅरिनसारखे एनॉक्सापॅरिन प्रतिबंधक मात्रेत चालू असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर १२ तास आणि उपचाराच्या पूर्ण मात्रेत असेल तर २४ तास थांबावे लागते. ७५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनची मात्र अडचण नसते. प्लेटलेट ७० हजारांच्या खाली असतील तर मी देत नाही, आणि त्यापेक्षा जास्त असूनही झपाट्याने उतरत असतील तरी देत नाही. आपल्या भागात याला एक हंगामी बाजू आहे. जुलैपासून दिवाळीपर्यंत डेंग्यूची साथ असते, आणि दोन दिवस ताप येऊन गेला म्हणून दुर्लक्ष केलेली गरोदर मुलगी कळा घेऊन येते तेव्हा तिच्या प्लेटलेट ४० हजारांवर आलेल्या असतात. त्या महिन्यांत ताप येऊन गेलेल्या प्रत्येकीची त्याच दिवशीची मोजणी पाहिल्याशिवाय मणक्याला हात लावू नये. रक्तदाब वाढलेल्या, म्हणजे प्रिएक्लॅम्प्शियाच्या रुग्णाला मात्र, प्लेटलेट चांगल्या असतील तर, एपिड्युरलचा खरोखर फायदा होतो. हृदयाच्या झडपेचा आजार असलेली किंवा फार स्थूल, मान आखूड असलेली बाई असेल, तर तिला कळा सुरू होण्याआधीच पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात किंवा अतिदक्षता विभाग असलेल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात पाठवणे हेच तिच्या हिताचे आहे. नाशिक रस्त्यावरच्या संध्याकाळच्या वाहतुकीत रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

एपिड्युरल नेहमीच पूर्ण लागते असेही नाही. साधारण दहातल्या एकीला एका बाजूला वेदना राहतात किंवा कॅथेटर पुन्हा बसवावा लागतो. शिवाय पहिल्या टप्प्यातल्या कळांची वेदना मणक्याच्या वरच्या भागातल्या टी-१० ते एल-१ या मज्जातंतूंतून जाते आणि बाळ खाली सरकल्यानंतरची सर्वांत खालच्या एस-२ ते एस-४ या तंतूंतून. त्यामुळे चार तास निवांत असलेली बाई अचानक खाली फार दुखते असे म्हणू लागली तर ‘एपिड्युरल उतरले’ असे समजण्याआधी तपासून पाहावे. बहुधा गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले असते. तिला अर्धवट बसते करून एक डोस दिला की खालच्या तंतूंपर्यंत औषध पोहोचते.

या सोयीचा एक लाभ मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. चालू कॅथेटर असलेल्या बाईच्या बाळाचे ठोके अचानक बिघडले, तर अॅड्रिनलिन मिसळलेले २ टक्के लिग्नोकेन १५ ते २० मिलिलिटर देऊन साधारण दहा मिनिटांत सिझेरियनसाठी पुरेशी भूल मिळते आणि पूर्ण भूल देण्याची वेळ बहुधा टळते. गरोदरपणी श्वासनलिका सुजलेली असते, पोटातले अन्न वर येण्याचा धोका असतो आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. मध्यरात्री, एकट्याने, घाईत दिलेली पूर्ण भूल ही आमच्या कामातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. शिवाय भूलतज्ज्ञ इमारतीतच असल्यामुळे एपिड्युरल न घेतलेल्या बाकीच्या बायकांनाही त्याचे संरक्षण मिळते. अधिक रक्तस्राव सुरू झालेली बाई वाचते ती अनेकदा पहिल्या १५ मिनिटांत दोन जाड सुया शिरेत गेल्या म्हणून.

येथे एक सावधगिरी. नवजात बाळाची पहिली पाहणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी गुणपद्धती १९५३ साली प्रसिद्ध करणाऱ्या व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञच होत्या, आणि आपल्या शास्त्राचा मला त्याबद्दल अभिमान आहे. परंतु बालरोगतज्ज्ञ पोहोचले नाहीत म्हणून बाळाला श्वास देण्याचे काम भूलतज्ज्ञावर सोपवण्याची छोट्या ठिकाणची रीत आईच्या दृष्टीने धोक्याची आहे. त्या क्षणी भूलतज्ज्ञाची जागा आईच्या उशाशी आहे. बाळासाठी नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती हवी.

हे सारे जमण्याइतकी माणसे आज नसतील तर काय करावे? तर एपिड्युरल थांबवावे, पण वेदनेकडे पाहणे थांबवू नये. प्रसूतिकक्षात सर्रास दिले जाणारे फोर्टविन-फेनर्गनचे, म्हणजे एक वेदनाशामक व एक गुंगीचे औषध मिळून दिलेले, इंजेक्शन बाईला गुंगी आणते. ती ओरडायची थांबते, आणि आपण समजतो की तिची वेदना गेली. दोन कळांच्या मधे ती झोपते आणि कळ आली की तितक्याच वेदनेने जागी होते, शिवाय मळमळते, आणि बाळ जन्मल्यावर श्वास घ्यायला आळसावलेले असू शकते. त्यापेक्षा अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन असलेला एंटोनॉक्स वायू कितीतरी सुरक्षित आहे, फक्त मास्क तिने स्वतःच्या हाताने धरला पाहिजे, कळ येणार असे वाटताच श्वास सुरू केला पाहिजे, कारण परिणाम होण्यास अर्धे-पाऊण मिनिट लागते, आणि खोली हवेशीर असली पाहिजे. खालच्या टाक्यांसाठी व व्हॅक्यूमसाठी प्युडेंडल ब्लॉक, म्हणजे योनिमार्गाजवळची जागा बधिर करणारे इंजेक्शन, आपण स्वतः देऊ शकता. तो शिकलेले अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ तो विसरून गेलेले मी पाहते. आणि तिची आई, बहीण किंवा नवरा, जो कोणी तिला हवा आहे, त्याला प्रसूतिकक्षात तिच्याजवळ बसू द्यावे. सतत सोबत असलेल्या स्त्रियांमध्ये वेदनाशामकांची गरज कमी पडते आणि नैसर्गिक प्रसूती वाढते, हे अभ्यासांनी दाखवले आहे. याला एकही उपकरण लागत नाही.

राहिला संमतीचा प्रश्न. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीमुळे पुण्यात नऊ महिने तपासणी झालेली मुलगी जुन्नरला जाते, आणि संगमनेरला तपासणी झालेली आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात येते. तिची भूलतज्ज्ञाशी पहिली भेट कळा चालू असताना व्हावी हे योग्य नाही. ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान महिन्यातून दोन ठराविक दुपारी गटातल्या भूलतज्ज्ञाने येऊन अशा मुलींना भेटावे आणि त्या वेळी तिची आई, शक्य असल्यास सासूही, समोर असावी. ‘कमरेत इंजेक्शन घेतले की जन्मभर कंबर धरते’ ही भीती त्यांच्या मनात खरी असते, आणि ती उडवून लावल्याने जात नाही. टोचलेल्या जागी चार-सहा दिवस दुखते, दीर्घकाळच्या कंबरदुखीचे प्रमाण मात्र एपिड्युरल घेतलेल्या व न घेतलेल्या बायकांत सारखेच आढळते, आणि तिची कारणे बहुधा गरोदरपणातच असतात, हे शांतपणे सांगावे. शंभरात एखादीला सुई आतल्या आवरणाला लागून नंतर बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी होऊ शकते, हेही आधीच सांगावे. संमतीवर सही त्या मुलीचीच हवी. नवऱ्याची सही घेतली जाते आणि तिला विचारलेही जात नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. त्याचप्रमाणे ती मागत असताना ‘आम्ही नाही का सोसले’ म्हणून घरच्यांनी नकार दिल्याचेही पाहिले आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या व भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट म्हटले आहे, की वैद्यकीय अडचण नसेल तर वेदनाशमनासाठी बाईची स्वतःची मागणी हेच पुरेसे कारण आहे. मला ते मान्य आहे, आणि ज्या बाईला ते नको आहे तिच्या नकारालाही मी तेवढाच मान देते.

बाळंतपणानंतर वार पडून टाके झाल्यावर कॅथेटर काढायचा, त्याचे टोक पूर्ण आहे हे पाहून फाइलमध्ये लिहायचे, आणि पायांत पूर्ण शक्ती परत आल्याशिवाय व एकदा लघवी झाल्याशिवाय तिला सोबतीशिवाय चालू द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञाने स्वतः येऊन तिला भेटावे. ती पुढचा सवा महिना कदाचित आपल्यापासून ७० किलोमीटर दूर, माहेरच्या गावी असेल, आणि तिथल्या डॉक्टरांना तिला एपिड्युरल दिले होते हे माहीत नसेल. म्हणून डिस्चार्जच्या कागदाला एक छापील मराठी चिठ्ठी जोडावी: एपिड्युरल कोणत्या तारखेला दिले, बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, पाठीत वाढत जाणारी तीव्र वेदना, ताप, पायांतली वाढती अशक्तता किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, संपर्क करावा, आणि खाली दूरध्वनी क्रमांक. मणक्यात रक्ताची गाठ किंवा पू झाला तर एमआरआय आणि शस्त्रक्रिया काही तासांत व्हावी लागते, नाहीतर पायांतली शक्ती परत येत नाही. असा प्रसंग फार क्वचित येतो, पण त्या क्रमांकावर फोन उचलणारे कोणीतरी पहाटे तीन वाजताही असले पाहिजे, आणि ते कोण असेल हे आपण पहिले एपिड्युरल देण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.